डबे, दिवाळीचा फराळ आणि २० लाखांची रेघ: घरगुती व्यवसायाचा हिशेब आणि कर

पोळीभाजी_डोंबिवली (जानेवारी २०२६)

मंडळी, नमस्कार. डोंबिवलीत आमचं घरगुती पोळीभाजी केंद्र आहे. मी, सासूबाई आणि मदतीला दोन बायका. रोज ४५ डबे जातात. त्यांतले ३० घरोघरी आणि १५ जवळच्या एका ऑफिसात. डबा १२० रुपयांना, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे महिन्याला १,४०,४०० रुपये. दिवाळीच्या फराळाची यंदा ३,६०,००० रुपयांची विक्री झाली. एप्रिल ते डिसेंबर मिळून आकडा १६,२३,६०० वर आला आहे. असंच चाललं तर मार्चअखेर २०,४४,८०० होतील.

आता मला सगळीकडून वेगवेगळं ऐकायला मिळतंय. शेजारचे म्हणतात, २० लाख ओलांडले की जीएसटी. भाऊ म्हणतो, खाण्याच्या वस्तूंना ४० लाखांची मर्यादा आहे. एका ओळखीच्या बाईंनी तर यूपीआय बंदच केलं, कारण फोनवर पैसे घेतले की नोटीस येते म्हणे. ऑफिसवाले दर महिन्याला बिलातून ४६८ रुपये कापतात, ते का, हेही नीट कळत नाही. मिस्टर नोकरीत आहेत, त्यांचं रिटर्न भरलं जातं. माझं आजवर कधी भरलेलं नाही.

मला लपवायचं काही नाही. पण काय करायचं ते समजून उमजून करायचं आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं, माझ्यासारख्या अजून बऱ्याच जणी इथे असतील.

करविचार

ताई, तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. आकडे नसले की अशा धाग्यांवर नुसत्या ऐकीव गोष्टी फिरतात.

सांगलीत मी छोट्या दुकानदारांचं करसल्ल्याचं काम करतो. तुमच्यापुढे दोन वेगळे कर आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. जीएसटी लागतो विक्रीवर, आयकर लागतो नफ्यावर. मर्यादा वेगळ्या, रिटर्न वेगळी, सरकारी खातीही वेगळी.

आधी जीएसटी. तुमचे भाऊ सांगतात ती ४० लाखांची मर्यादा खरी आहे, १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात लागू आहे. पण ती फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी. कायद्याच्या नजरेत डबा ही वस्तू नाही. खाणावळ, मेस, कँटीन यांचं जेवण ही सेवा धरली जाते, मग गिऱ्हाईक तिथे बसून जेवो की डबा घरी जावो. नुसतं स्वयंपाकघर चालवून घरपोच जेवण देणारेही त्यातच येतात, हे ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. सेवेची मर्यादा २० लाख. आणि वस्तू-सेवा दोन्ही असतील तर ४० लाखांची सवलत मिळत नाही. तुमचा फराळ वस्तू आहे, डबा सेवा आहे, दोन्ही एकाच पॅनवर. म्हणून तुमची रेघ २० लाखांचीच.

ती रेघ तुम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत ओलांडाल. ज्या दिवशी ओलांडाल त्या दिवसापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. वेळेत केलात तर कर त्या दिवसापासून पुढच्या विक्रीवर लागेल. आधीच्या २० लाखांवर मागे जाऊन कर लागत नाही. ही धास्ती अनेकांना असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सातारा_हार्डवेअर

करविचार साहेबांनी छान उलगडून सांगितलं. ताई, एक साधा उपाय सुचवतो. मार्चात आठ-दहा दिवस डबे बंद ठेवा, २० च्या आत राहाल. किंवा फराळ सासूबाईंच्या नावावर दाखवा.

करविचार

@सातारा_हार्डवेअर, पहिल्या सूचनेत बेकायदा काही नाही. कुणी किती काम घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ४५ गिऱ्हाइकांची सवय मोडून हाती काय येणार? पुढच्या वर्षी डब्याला पाच रुपये जरी वाढवले तरी रेघ ओलांडली जाणारच आहे.

दुसऱ्या सूचनेला मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. सासूबाई खरोखर स्वतः फराळाचा व्यवसाय करत असतील, त्यांचं बँक खातं, त्यांची खरेदी, त्यांनी दिलेली मजुरी, त्यांची गिऱ्हाइकं वेगळी असतील, तर तो त्यांचा व्यवसाय. त्यात काही गैर नाही. पण कढई एक, कामाला बायका त्याच, ऑर्डरचा फोन तोच आणि फक्त क्यूआर कोड वेगळा, असं असेल तर ते कागदोपत्री तुकडे करणं झालं. चौकशी झाली तर त्या म्हातारीला कार्यालयात उत्तरं द्यावी लागतील. घरातल्या थोरल्या माणसाला अशा गोष्टीत ओढू नये, असं माझं मनापासूनचं मत आहे.

बंगळुरूकर_मराठी

यूपीआयच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ही भीती इथूनच पसरली. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांचे आकडे पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. २०२१-२२ पासूनची वर्षं तपासली होती. आमच्या भागात बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले सगळे हवालदिल झाले. कित्येक दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांबरोबर बैठक घेतली आणि जुनी वसुली करणार नाही, पण मर्यादेवरच्यांनी नोंदणी करून घ्यावी असं सांगितलं.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. नोटीस यूपीआय वापरल्याबद्दल नव्हती. वर्षाची जमा मर्यादेपेक्षा जास्त आणि नोंदणी नाही, म्हणून होती. भाजी, दूध यांवर जीएसटी नाहीच. ज्यांची सगळी विक्री अशा करमाफ मालाची, त्यांना कितीही विक्री असली तरी नोंदणी लागत नाही. तरी त्यांनाही नोटिसा गेल्या, कारण बँकेच्या आकड्यावरून माल कुठला हे कळत नाही. ते दाखवायला खरेदीच्या पावत्या लागतात. ज्यांच्याकडे मार्केट यार्डाच्या पावत्या होत्या त्यांनी त्या पुढे केल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांचे फार हाल झाले.

निवृत्त_करनिरीक्षक

वरच्या प्रतिसादाला जोडून. माझी सारी नोकरी विक्रीकर खात्यात गेली. १ एप्रिल २००५ ला व्हॅट, म्हणजे जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा कर, आला तेव्हाही होतो आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही. छोट्या माणसाचं नुकसान करामुळे कमी होतं, कागद नसल्यामुळे जास्त होतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलं आहे. समोर आलेला माणूस प्रामाणिक आहे हे दिसत असतं, पण त्याच्या पिशवीत एकही पावती नसते. मग अधिकाऱ्यालाही अंदाजानेच आकारणी करावी लागते आणि अंदाज कधी दुकानदाराच्या बाजूने लागत नाही.

म्हणून ताईंना आणि सर्वांना विनंती. एक वही करा. रोजमेळ म्हणा, कीर्द म्हणा. डाव्या पानावर आजची जमा: रोख किती, फोनवर किती, उधारी कुणाकडे किती. उजव्या पानावर आजचा खर्च. रात्री गल्ला मोजायचा आणि वहीतल्या शिलकेशी ताडून पाहायचा. पावत्या महिन्याच्या पाकिटात. बस्स. संगणकावर करायचं असेल तर उत्तम, पण त्यासाठी थांबू नका. आणि वहीपूजन दिवाळीला कराच, फक्त हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च हे विसरू नका.

दुसरं, व्यवसायाचं बँक खातं वेगळं काढा. घरचा किराणा, मुलांची फी, भिशी आणि डब्याचे पैसे एकाच बचत खात्यात असले की भावाने पाठवलेले पैसेही विक्री वाटतात. शिवाय बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ही मर्यादा ५० लाखांची आहे.

पोळीभाजी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त काका, वही आहे माझी, पण त्यात फक्त डबे आणि उधारी. खर्च तोंडी. आजपासून लिहिते.

करविचार दादा, नोंदणी केल्यावर डब्याला किती कर लागेल? कंपोझिशन नावाचं काहीतरी सोपं असतं असं ऐकलं. आणि माझ्या आयकराचं काय?

करविचार

कंपोझिशन म्हणजे छोट्या व्यावसायिकांनी विक्रीवर ठरावीक टक्क्याने कर भरायची सोपी योजना. तिच्याबद्दल लोकांचा समज असतो की त्यात १ टक्काच कर. तो माल बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना. जेवण देणाऱ्यांना कंपोझिशनमध्ये ५ टक्के आहे. आणि साध्या नोंदणीतही अशा जेवणाला ५ टक्केच आहे, खरेदीवरच्या कराची वजावट न घेता. म्हणजे डब्याच्या बाबतीत दर तोच, फरक पद्धतीत.

आकड्यांनी सांगतो. साध्या नोंदणीत डबा १२० आणि त्यावर कर ६, गिऱ्हाइकाकडून १२६ घ्यायचे, ६ सरकारला, १२० तुमच्याकडे. कंपोझिशनमध्ये बिलावर कर वेगळा दाखवून घेता येत नाही. भाव सरळ १२६ केलात तर पूर्ण १२६ वर ५ टक्के, म्हणजे ६ रुपये ३० पैसे भरायचे. तुमच्याकडे ११९.७०. डब्यामागे ३० पैशांचा फरक. त्या बदल्यात कंपोझिशनमध्ये तिमाहीला एक छोटं विवरण भरून कर भरायचा आणि वर्षाला एक रिटर्न, एवढंच काम. साध्या नोंदणीत तिमाही पर्याय घेतलात तरी विक्रीचं विवरण वेगळं, कराचं वेगळं आणि मधल्या महिन्यांत कराचा भरणा. ज्यांची सगळी गिऱ्हाइकं घरगुती आहेत आणि माल राज्याबाहेर जात नाही, त्यांना मी कंपोझिशन सुचवतो. नोंदणीच्या अर्जातच तो पर्याय निवडता येतो.

ऑफिसवाले ‘जीएसटीचं बिल द्या’ म्हणत असतील तर एवढं माहीत असू द्या की जेवणावरच्या कराची वजावट सहसा त्यांना घेताच येत नाही, ती कायद्यानेच रोखली आहे. तेव्हा तुमच्या कंपोझिशनमुळे त्यांचं काही बिघडत नाही.

त्यांची ४६८ रुपयांची कपात म्हणजे टीडीएस, बिल देतानाच कापून घेतलेला तुमचा आयकर. १५ डबे, २६ दिवस, बिल ४६,८००. जेवण पुरवण्याचं कंत्राट असलं आणि एक बिल ३० हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कंपनीला व्यक्तीच्या बिलातून १ टक्का कापावा लागतो. हे पैसे तुमच्याच पॅनवर सरकारकडे जमा आहेत. आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघा, दिसतील. वर्षाचे ५,६१६ होतात. तुमचा कर शून्य निघाला तर रिटर्न भरून सगळे परत मिळतील. रिटर्न न भरल्यास ते तिथेच राहतील.

आता आयकर. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं लांब लिहितो.

४४एडी या कलमाखाली छोट्या व्यवसायाला सविस्तर हिशेब सादर न करता अंदाजे नफा दाखवून रिटर्न भरता येतं. विक्री २ कोटींपर्यंत हवी. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. बँकेतून, यूपीआयवरून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के हा किमान नफा धरतात. तुमची १३ लाखांची विक्री फोनवर आणि बँकेत झाली असं समजू, उरलेले ७,४४,८०० रोख. तर ७८,००० अधिक ५९,५८४, म्हणजे १,३७,५८४ रुपये नफा. बघा, फोनवर पैसे घेतल्याने धरलेला नफा कमी होतो. तुमच्या ओळखीच्या बाईंनी यूपीआय बंद करून स्वतःचा टक्का सहावरून आठ केला.

बहुतेक लोक इथेच थांबतात. १,३७,५८४ दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की थांबू नका. सहा आणि आठ टक्के हा तळ आहे. कलमातच लिहिलंय की त्याहून जास्त कमावलं असेल तर ते दाखवावं. तुमचा खरा नफा ५ लाख असेल तर ५ लाख दाखवा.

यात तुमचं काहीही जात नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. ५ लाखांवर कर निघतो ५,००० आणि सवलतीत तो पूर्ण माफ होतो. १,३७,५८४ दाखवा की ५,००,००० दाखवा, कर तोच, शून्य.

फरक पडतो तो बँकेत गेल्यावर. उद्या तुम्हाला मोठी शेगडी, पोळ्यांचं यंत्र, डबे पोचवायला गाडी घ्यायची असेल, मुद्रा कर्ज हवं असेल, किंवा घराच्या कर्जात मिस्टरांच्या बरोबरीने नाव लावायचं असेल, तर बँक तुमची रिटर्न मागणार. तिथे वर्षाचे १ लाख ३७ हजार दिसले तर बँक तुम्हाला तेवढ्याच कमाईची बाई समजणार. वर्षानुवर्षं पहाटे पाचला उठून राबणाऱ्या बाईची कमाई तिच्याच कागदावर पाव हिश्श्याने दिसते, याचं मला फार वाईट वाटतं. घरातही तिच्याकडे मग ‘हातखर्चापुरतं करते’ याच नजरेने पाहिलं जातं.

सिंधुदुर्ग_किनारा

करविचार यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

‘माल राज्याबाहेर जात नाही’ या वाक्याकडे सगळ्यांनी नीट पाहावं, विशेषतः आमच्या भागातल्यांनी. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथल्या बायका खाजं, आंबावडी, फणसपोळी बनवतात आणि म्हापसा, पणजीच्या दुकानांत देतात. आम्हाला म्हापसा हे आपलंच बाजाराचं गाव. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, दुसरं राज्य. कर लागणारी वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की २० लाख-४० लाख ही मर्यादा उरतच नाही. पहिल्याच विक्रीला नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, खाऊला नाही. आणि कंपोझिशनमध्ये असाल तर असा माल बाहेर पाठवताच येत नाही.

तुम्ही राज्याबाहेर जेवण, म्हणजे सेवा देत असाल तर २० लाखांपर्यंत सूट आहे, पण डबा काही सीमेपलीकडे जात नाही.

आंब्याबद्दलही लिहितो, कारण दर वर्षी हा गोंधळ असतो. आपल्या बागेतला हापूस पेटीत भरून विकला तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. ताज्या फळावर जीएसटीही नाही. त्याच आंब्याचा पल्प काढून डबाबंद केला की तो व्यवसाय. आणि शेजाऱ्याच्या बागेतले आंबे घेऊन विकले तर तो व्यापार, सातबारा कुणाचाही असो. वाशीच्या मार्केटला माल पाठवणाऱ्यांनी दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, जपून ठेवाव्यात. शेतीचं उत्पन्न दाखवायला त्याच कामी येतात.

न्यूजर्सी_मावशी

आम्ही दर दिवाळीला ठाण्याहून फराळ मागवतो. मग तोही राज्याबाहेरच झाला की! पाठवणाऱ्या बाईंना माझ्यामुळे त्रास नको.

करविचार

मावशी, परदेशी पाठवणंही आंतरराज्य विक्रीतच धरलं जातं. त्या बाई स्वतः तुम्हाला विकून परदेशी पार्सल करत असतील तर त्यांची नोंदणी हवी. मात्र ठाण्यातल्या तुमच्या बहिणीने त्यांच्याकडून फराळ घेतला, पैसे दिले, माल ताब्यात घेतला आणि मग स्वतः कुरिअरने तुम्हाला धाडला, तर बाईंची विक्री ठाण्यातच झाली. बिलही बहिणीच्या नावाने, ठाण्याच्या पत्त्यावर. बहुतेक घरांत असंच चालतं, त्यात अडचण नाही.

सातारा_हार्डवेअर

करविचार साहेब, सासूबाईंबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं.

आता माझा प्रश्न. आमचा चुलतभाऊ घाऊक किराण्यात आहे. साखर, तेल, गहू. त्याला शेकड्याला दोन-तीन रुपये सुटतात. त्याने सहा टक्के कुठून दाखवायचे?

करविचार

त्यांना ४४एडी सोयीचं नाही. त्यांनी पूर्ण वह्या ठेवाव्यात आणि खरा नफा दाखवावा. एकदा ४४एडी धरून मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, आणि त्या काळात उत्पन्न करपात्र मर्यादेवर गेलं तर लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. त्यामुळे पातळ नफ्याच्या धंद्यात ‘या वर्षी सहा टक्के, पुढच्या वर्षी दोन’ असं करू नये. आधीच ठरवावं.

दलाली आणि कमिशनवाल्यांनाही हे कलम लागू नाही. विमा एजंट, कमिशनवर चालणाऱ्या एजन्सी यांनी ते वापरू नये. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशांसाठी ४४एडीए वेगळं आहे, तिथे जमेच्या निम्मा नफा धरतात.

आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलतील. तेव्हा पुढच्या वर्षी कुणी दुसराच आकडा सांगितला तर गोंधळू नका.

पोळीभाजी_डोंबिवली

दादा, ‘खरा नफा दाखवा’ म्हणालात, म्हणून काल रात्री सासूबाईंना घेऊन बसले. आधी दिवाळीच्या चकलीचा हिशेब मांडला. दहा किलोच्या घाण्याचा.

भाजणी दळणासकट ९००. तेल ६००. तीळ, ओवा, तिखट, लोणी मिळून ३५०. गॅस २५०. दोघींची मजुरी १,२००. पाकिटं आणि लेबल २००. बेरीज ३,५००, म्हणजे किलोला ३५०. आम्ही विकतो ४८० ने. किलोमागे १३० सुटतात. तुटलेली चकली पाकिटात जात नाही, ती धरली तर थोडे कमीच.

मग अनारसे मांडले. तांदूळ भिजवण्यापासून तळण्यापर्यंत मजुरी धरली तर अनारशात किलोमागे जेमतेम २० रुपये उरतात! आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच जातो. सासूबाई वहीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी अनारसे फक्त आगाऊ ऑर्डर असेल तरच, आणि भाव वाढवून.

एवढी वर्षं करतोय, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नसतं. डब्याचाही हिशेब आता मांडतेय.

एक घरगुती प्रश्न. गेल्या वर्षी मोठी शेगडी आणि ओला ग्राइंडर घेताना मिस्टरांनी दीड लाख दिले होते. त्याचं काही दाखवावं लागतं का?

निवृत्त_करनिरीक्षक

चकलीचा हिशेब वाचून फार आनंद झाला. सूनबाई, ही वही जपून ठेवा. गॅस व्यावसायिक सिलिंडरचा धरला आहे ना? घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरणं नियमात बसत नाही, आणि त्याची पावती खर्चात दाखवता येत नाही.

करविचार

चकली-अनारशाचा तुमचा प्रतिसाद या धाग्यात मला सगळ्यात मोलाचा वाटला.

मिस्टरांच्या पैशांबद्दल. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर कर नाही, हे खरं. पण ती भेट तिने व्यवसायात घातली, तर वर्षाच्या पहिल्या दिवशी व्यवसायातल्या एकूण भांडवलात त्या भेटीचा जेवढा वाटा, तेवढा नफ्याचा वाटा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. १ एप्रिलला तुमच्या व्यवसायात ३ लाखांचं भांडवल होतं आणि त्यातले दीड लाख त्यांनी भेट दिलेले, तर निम्मा नफा त्यांच्या पगारात जोडला जाईल. त्यांचा पगार जास्त असेल तर त्यावर चांगलाच कर लागेल. घरोघरी हे चालतं आणि फार थोड्यांना माहीत असतं.

ते पैसे उसने म्हणून दिले असतील तर गोष्ट वेगळी. पुढे कधी पैसे घ्याल तेव्हा बँकेतून घ्या, साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी रक्कम, व्याज आणि परतफेड लिहा, आणि खरोखर फेडत जा. व्याज वाजवी लावा. ते त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागेल. मागचे दीड लाख कसे दिले होते, भेट की उसने, ते दोघांनी बसून आठवा आणि जे असेल तेच रिटर्न भरणाऱ्याला सांगा. आता मागची तारीख टाकून कागद करू नका.

उद्यम_पुणे

एक भर घालते. मी पुण्यात कंपन्यांना नाश्ता पुरवते. एका कंपनीने माझं बिल तीन-तीन महिने अडकवलं होतं. मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, पैसे मागणाऱ्या दलालांना देऊ नका. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी त्यांना तो खर्च आयकरात धरता येतो. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. मार्च जवळ आला की स्वतःहून फोन येतो.

जेवण ही सेवा आहे म्हणून आपल्याला हे लागू. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना या तरतुदीचा फायदा नाही.

पोळीभाजी_डोंबिवली

उद्यमचं आजच बघते, ऑफिसवाल्यांचं नोव्हेंबरचं बिल अजून यायचं आहे.

आमचं असं ठरलं. चालू खातं या आठवड्यात उघडायचं, क्यूआर कोड त्याच खात्याचा लावायचा. मार्चात २० लाख ओलांडले की लगेच नोंदणी, कंपोझिशनमध्ये, कारण आमचा माल डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे जात नाही. डब्याचा भाव एप्रिलपासून १२६. गिऱ्हाइकांना आत्तापासून सांगून ठेवते. रिटर्न माझ्या नावाने, खऱ्या नफ्याचं.

शेवटचं एक. काही घरं नुसत्या पोळ्या मोजून नेतात, डबा नाही. पोळीवर आता जीएसटी नाही असं वाचलं. मग ती विक्री २० लाखांत धरायची की नाही?

करविचार

२२ सप्टेंबर २०२५ पासून चपाती-पोळीवरचा ५ टक्के कर शून्य झाला, हे बरोबर. पण मर्यादा मोजताना करमाफ विक्रीसुद्धा धरतात. एका पॅनवरची सगळी विक्री एकत्र: डबे, फराळ, सुट्या पोळ्या. तेव्हा वहीत सुट्या पोळ्यांचा रकाना वेगळा ठेवा, पण मार्चची बेरीज मारताना तो धरूनच मारा. त्या पोळ्या तुम्ही वरच्या १६,२३,६०० मध्ये घेतल्या नसतील तर २० लाखांची रेघ मार्चच्या आधीच येईल, म्हणून आजच एकदा बेरीज करून बघा.